मोकळी पिकअप मागून उडते, भरली की आदळते: शॉकअप कोणते घालू?

पाणंदवाला

गाडी इसुझू डी-मॅक्स एस-कॅब, २०१९ ची, ८६,००० किमी. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानीचे पाटे. एका बाजूला पाच पाटे, त्यातला सगळ्यात खालचा जाड आणि आखूड. चारही शॉकअप कंपनीचेच, अजून बदललेले नाहीत.

वापर दोन तऱ्हेचा. हंगामात गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डाला गूळ, ३० किलोचे २० ते २२ रवे. आठवड्यातून एकदा तेवढाच माल घेऊन राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत कणकवली. बाकीचे दिवस गाडी मोकळी आणि मागच्या सीटवर घरची माणसं.

तक्रार अशी:
मोकळी असताना पाणंदीत आणि गतिरोधकावर मागचा भाग उडतो. वळणात खड्डा आला तर शेपूट बाजूला सरकतं. माल भरला की चाल बरी वाटते, पण मोठ्या खड्ड्यात धाडकन आदळते, लोखंडावर लोखंड बसल्यासारखं. ब्रेक दाबला की नाक खाली जातं. मागून डावीकडून कुरकुर येते. टायरमध्ये चारही चाकांना ५५ पीएसआय.

आतापर्यंत तीन सल्ले मिळाले. एक, खालचा जाड पाटा काढून टाका. दोन, दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) घाला. तीन, चांगले मोनोट्यूब शॉकअप घाला, सगळं बसेल. मन तिसऱ्याकडे आहे. कोणता मेक घेऊ तेवढं सांगा.

कमानपाटा

मेक नंतर. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: शॉकअप वजन पेलत नाही. वजन पाटा पेलतो. पाटा दबला की तो परत उसळणार, ती उसळी थोपवायचं काम शॉकअपचं. त्यामुळे गाडी बसली असेल, आदळत असेल, तर ते दुखणं नव्या शॉकअपनं झाकलं जाईल, जाणार नाही.

शॉकअप विकत घ्यायच्या आधी या गोष्टी तपासून इथे आकडे टाका. एक रविवार पुरे.

सकाळी टायर थंड असताना हवा. चारही चाकांना ५५ म्हणजे मोकळ्या गाडीखाली चार दगड बांधल्यासारखं आहे. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर मोकळ्या आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. ती भरा आणि त्याच पाणंदीतून एक फेरी मारा. यात एक रुपया जात नाही आणि बराचसा टणकपणा इथेच कमी होतो. माल भरायच्या आधी मात्र हवा परत वाढवायची. मऊ टायरवर माल नेला की बाजूची भिंत तापते, फुटते.

दुसरं, वजनकाटा. मोकळ्या गाडीचं नुसतं मागच्या एक्सलचं वजन घ्या: पुढची चाकं काट्याच्या बाहेर, मागची आत. मग नेहमीचा माल भरून तेच. गूळ किती भरला ते आपल्याला माहीत असतं, पण त्यातला किती मागच्या एक्सलवर येतो ते काट्याशिवाय कळत नाही.

तिसरं, उंची. चाकाच्या मधोमध हबपासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा मिसळते. सोबत बंप स्टॉपचं रबर (पाटा पूर्ण दबला की धक्का झेलणारं, चेसिसखालचं) आणि हौसिंग (मागच्या एक्सलचं आवरण) यांतली फट, डावी-उजवी, मोकळी आणि भरलेली.

आणि चौथं, यावर माझा सगळा भर आहे: मोकळी गाडी सपाट जागेवर उभी करून खाली वाका आणि खालच्या जाड पाट्याची टोकं वरच्या पाट्याला टेकलीत का ते बघा. तो हेल्पर पाटा. माल भरल्यावर वरचे पाटे खाली येऊन त्यावर टेकावेत आणि मग त्यानं जोर द्यावा, अशी त्याची रचना असते. मोकळ्या गाडीत तिथे स्पष्ट फट दिसायला हवी. पोस्टकार्डही जात नसेल तर खरा आजार सापडला.

रंकाळा_टर्बो

भावा एवढा काथ्याकूट कशाला. खालचा पाटा काढ, मोकळी गाडी लोण्यासारखी चालते. अख्ख्या गांधीनगर कापडपेठेतल्या टेम्पोंनी काढलेत.

कमानपाटा

कापडाचे गठ्ठे आणि गुळाचे रवे यांत फरक आहे, दादा. मोकळी गाडी मऊ होईल हे खोटं नाही. निदान हेल्पर आधीच टेकला असेल तर होईलच. टेकला नसेल तर तो मोकळ्या गाडीत काहीच काम करत नसतो, मग काढून मऊपणा येणार कुठून? आणि दोन्ही प्रकारांत ६०० किलो भरल्यावर जे होईल त्याची जबाबदारी बंप स्टॉपवर. त्यांचे आकडे येऊ देत, मग हिशोबच मांडतो.

लेथवाला

कुरकुरीबद्दल. मागून डावीकडून येते म्हणजे बहुतेक पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल कडीतला) किंवा शॅकलचा बुश (पिनेभोवतीची रबरी नळी) गेला. तपासायची पद्धत: गाडी चाकांवरच उभी ठेवायची. शॅकल आणि हँगर (तिला धरणारा चेसिसवरचा कान) यांच्या मध्ये पहार घालून बाजूला रेटायचं. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त हलत असेल, रबर एका बाजूला चिरडून बाहेर आलं असेल किंवा पिन लंबगोल झिजली असेल तर बुश आणि पिन दोन्ही बदला. नुसता बुश बदलून झिजलेली पिन ठेवली की नवा बुश चार महिन्यांत जातो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही लेथवर नायलॉनचा नाहीतर गनमेटलचा बुश काढून देईल. इथे ते काम सोपं आहे म्हणून मोह होतो. गनमेटल टिकतो, पण त्याला ग्रीस निप्पल आणि पिनला तेलाची खाच हवी, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत ऐकू येतो. नायलॉन पावसाळ्यात किंचित फुगतो आणि पिन धरतो. घरची माणसं बसणार असतील तर रबराचाच घ्या. पॉलियुरेथेन हा मधला मार्ग. माल जास्त असेल तर बरा, पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, साधं ग्रीस नको. कोरडा पडला की दरवाज्यासारखा वाजतो.

आणि हे फार ठिकाणी चुकतं: रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबराची आतली नळी बोल्टसोबत जागेवर जखडते आणि रबर पिळ खाऊन काम करतं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली उतरवताच ते अर्धं पिळलेलं असतं. त्यानं चाल कडक लागते आणि रबर लवकर फाटतं. बोल्ट हातानं टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची, मगच शेवटचा टॉर्क.

घाटउतार

शॉकअपचं मी सांगतो, कारण ८६,००० किमीनंतर ते तसेही बदलायला झालेच असणार. तरी खात्री करा. खालचा बोल्ट काढून शॉकअप हातानं पूर्ण दाबा आणि ओढा. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे. मध्येच एखादी जागा मोकळी सुटली, म्हणजे एक-दोन सेंटिमीटर काहीच अडथळा नाही, तर आतला व्हॉल्व्ह किंवा तेल गेलं. बाहेर तेलाची नुसती ओलसर धूळ असेल तर चालतं. ओघळ दिसला तर गेला. बॉडी दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते मोजायची परीक्षा पाट्याच्या गाडीवर फसवी असते. पाटे एकमेकांवर घासून स्वतःच हालचाल थांबवतात आणि मेलेला शॉकअपही पास होतो.

ट्विनट्यूब की मोनोट्यूब? ट्विनट्यूबमध्ये दोन नळ्या, बाहेरच्या नळीत तेलावर कमी दाबाचा वायू. कच्च्या रस्त्यावर बराच वेळ हलत राहिला की तेल तापतं, त्यात फेस होतो आणि पकड सुटते. घाट उतरल्यावर गाडी अचानक डुलायला लागते ते यामुळे. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि वायू यांच्यामध्ये सरकता पिस्टन, वायूचा दाब साधारण २० ते ३० बार. फेस होत नाही, उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून जाते. पण बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विनट्यूबला तेवढा पोचा पचतो. पाणंदीत दगडगोटे उडतात, तेव्हा हेही लक्षात घ्या.

शिवाय तो दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. १४ मिमीचा रॉड आणि २५ बार धरले तर जवळपास ३९ किलोचा रेटा होतो. लोक म्हणतात नव्या शॉकअपनं गाडी उंच झाली, ते हे चार-पाच मिमी. त्याला पाट्याचं बळ समजू नका.

तुमच्या मिश्र वापराला मी मोठ्या बोअरचा गॅस ट्विनट्यूब घेईन. ओल्ड मॅन एमू, मन्रो, गॅब्रिएल ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. नावापेक्षा विकणाऱ्याला एवढं विचारा: हा शॉकअप मागे किती कायम वजन धरून जुळवलेला आहे? एकाच गाडीसाठी मोकळी, मध्यम आणि जड अशा वेगवेगळ्या जुळणीचे मिळतात. जड जुळणीचा घेतला तर मोकळ्या गाडीत उसळी इतकी हळू परत येते की सलग खड्ड्यांत पाटा दर खड्ड्याला थोडा दबलेलाच राहतो आणि चौथ्या खड्ड्याला बंप स्टॉपवर बसतो. "कडक म्हणजे चांगला" इथे चालत नाही.

लांबी मोजून घ्या. चेसिस दोन्ही बाजूंनी उचलून हौसिंग लटकू द्या, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मोजा: ही उघडी लांबी. मग गाडी चाकांवर असताना तेच माप, त्यातून बंप स्टॉपची फट आणि रबर दबण्याचे साधारण २० मिमी वजा करा: ही बंद लांबी. शॉकअप आडवा कलला असेल तर वजाबाकी थोडी कमी येते, पण पूर्ण धरली तर चूक सुरक्षित बाजूला पडते. नवा शॉकअप बंद झाल्यावर यापेक्षा १५ मिमी तरी आखूड हवा. नाहीतर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला लागतो आणि रॉड नाहीतर चेसिसवरचा कान तुटतो.

कुणी ब्रॅकेट हलवून शॉकअप आडवा करून देतो म्हणाला तर नको म्हणा. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकाशी त्याचा परिणाम तीन चतुर्थांश उरतो, ४५ अंशांत निम्माच.

पाणंदवाला

रविवारी सगळं मोजलं.

मागचा एक्सल मोकळा ७२० किलो. २२ रवे, म्हणजे ६६० किलो भरून १,३४० किलो.
बंप स्टॉपची फट मोकळी: डावी ५५ मिमी, उजवी ७२. भरल्यावर: डावी १२, उजवी ३०.
हेल्पर पाटा मोकळ्या गाडीत: डावीकडे दोन्ही टोकं टेकलेली. उजवीकडे चार मिमी फट.
डाव्या शॅकलचा खालचा बुश एका बाजूनं बाहेर आलाय, पहारीनं पाच मिमी हलतो.
वरचे चार पाटे ८ मिमी जाड, हेल्पर १२ मिमी.
मागचे दोन्ही शॉकअप काढून दाबले. डावा मध्ये मोकळा सुटतो, उजवा बरा.
हवा स्टिकरप्रमाणे केली. मोकळ्या गाडीत फरक लगेच कळला, पण उडणं गेलं नाही.

कमानपाटा

झकास मोजलंत. तुमच्या दोन्ही तक्रारी, मोकळी उडते आणि भरली की आदळते, उलट वाटल्या तरी एकाच गोष्टीतून आल्यात. वरचे चार पाटे बसलेत, म्हणजे त्यांची कमान सपाट झालीय आणि डावीकडचा हेल्पर मोकळ्या गाडीतच टेकलाय.

हिशोब असा. मालानं मागच्या एक्सलवर ६२० किलो वाढले, म्हणजे एका बाजूला ३१०. डावी बाजू ५५ वरून १२ वर आली, ४३ मिमी. म्हणजे एक मिमी दाबायला साधारण ७.२ किलो. आता पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर जातो. १२ भागिले ८, त्याचा घन सुमारे ३.४. म्हणजे तुमचा एकटा हेल्पर वरच्या साडेतीन पाट्यांइतका कडक आहे, आखूड असल्यानं थोडा जास्तच. चार पाट्यांच्या जागी साडेसात पाटे काम करतायत असं समजा. तो टेकला नसता तर एक मिमीला ३.९ किलोच्या आसपास लागले असते.

गाडीच्या मागच्या वजनातून हौसिंग, चाकं वगैरे १८० किलो वजा धरा. ७.२ किलोच्या कडकपणावर मोकळी गाडी सेकंदाला अडीच वेळा हलते, ३.९ वर दोनाच्या थोडी खाली येते. माणसाला एक ते दीड बरं वाटतं. अडीच म्हणजे बैलगाडीच. भरल्यावर वजन वाढतं म्हणून तीच गाडी पावणेदोनवर येते, आणि चाल बरी वाटते ती त्यामुळे. पण तेव्हा खाली फट उरते १२ मिमी. एवढ्यावर फोंडा घाटातला कुठलाही खड्डा रबरापर्यंत पोचणारच.

आता तिन्ही सल्ले ताडून बघा. हेल्पर काढला तर ३१० किलोला ३.९ नं जवळजवळ ८० मिमी खाली जाईल. तुमच्याकडे आहेत ५५. म्हणजे मार्केट यार्डाच्या दारात पोचायच्या आधीच गाडी रबरावर टेकलेली. लांब शॅकलनं गाडी एक्सलपाशी निम्मी उचलली जाते, दोन इंचाला एक इंच. फट वाढेल, आदळणं कमी होईल, पण हेल्पर टेकलेला तो टेकलेलाच. मोकळी गाडी तशीच उडणार. वर हौसिंगचं नाक वर फिरतं, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्याचा) कोन बिघडतो, ठरावीक वेगाला घुमण्याचा थरथराट सुरू होतो. आणि मोनोट्यूब? ते १२ मिमी वाढवणार नाहीत.

मग करायचं काय. वरचे पाटे दोन्ही बाजूंचे एकदम नवे, एका बाजूचे नाही. तयार सेट मिळाला तर उत्तम, जमना वगैरेंचे असतात. जुन्या सेटची लांबी, रुंदी, जाडी आणि डोळ्याचा व्यास लिहून न्या. जुन्यांनाच कमान देऊन घ्यायची असेल तर थंड ठोकणाऱ्याकडे जा. गॅसनं लाल करून वाकवलेला पाटा परत तेलात बुडवून आणि टेंपर करून दिला नाही तर त्याचं पाणी गेलेलं असतं, दोन-तीन महिन्यांत पुन्हा बसतो. थंड ठोकलेलाही कायमचा नाही, पण एक हंगाम काढतो. नव्या सेटवर हेल्परची फट २० ते २५ मिमी मिळाली तर एका बाजूचे पहिले ८०-१०० किलो मऊ पाटे घेतील, मग हेल्पर लागेल, आणि भरल्या गाडीत बंप स्टॉपला ३०-३५ मिमी उरतील.

काम करताना:

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. चेसिस स्टँडवर, हौसिंगखाली वेगळा जॅक. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले की हौसिंग खाली उतरवताना ब्रेकच्या रबरी नळीकडे बघत राहा. वजन नळीवर लटकलं तर आतून चिरते, बाहेरून दिसत नाही. सगळ्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा, हँगरचा पुढचा बोल्ट आतल्या नळीला गंजून धरलेला असतो.

पाट्यांचा गठ्ठा खोलताना सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरतो तो) दोन्ही बाजूंना जाड सी-क्लँप आधी आवळा, मग नट सोडा. कमान असलेले पाटे ताणात बसलेले असतात, एकदम उघडले तर बोटं जातात. हेल्पर जुनाच वापरायचा असेल तर तारेच्या ब्रशनं घासून सेंटर बोल्टच्या भोकाशी बारीक चीर आहे का बघा. चीर असली की भंगार. वेल्डिंग करून वापरायचा विचारही नको, त्या उष्णतेनं शेजारची जागा ठिसूळ होते.

पाट्यांच्या मध्ये ग्रीस थापू नका. काळ्या रानातली माती आणि कोकणची तांबडी धूळ त्यात बसून वाळूकागद तयार होतो. कोरडं ग्रॅफाइट चोळा आणि प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली कडक प्लास्टिकची पट्टी घाला, बऱ्याच सेटना ती येतेच. बारीक खड्ड्यांचा खडखडाट या पट्ट्यांनी जेवढा कमी होतो तेवढा भल्या शॉकअपनं होत नाही. पण घर्षण कमी झालं म्हणजे उसळी थांबवायचं सगळं काम आता शॉकअपवर. म्हणून डावा मेलेला ठेवून हे करू नका.

बाजूच्या क्लिपा परत बसवा. बरेच कमानवाले त्या "लागत नाहीत" म्हणून फेकतात. गाडी उसळते तेव्हा खालचे पाटे मुख्य पाट्यापासून सुटू नयेत म्हणून त्या असतात. नसतील तर एकट्या मुख्य पाट्यावर सगळा ताण येतो आणि तो डोळ्याजवळ मोडतो.

यू बोल्ट (पाट्यांचा गठ्ठा हौसिंगला बांधणारे) नवेच. जुने एकदा ताणले गेलेले असतात, परत तोच जोर धरत नाहीत. चौकटीत कोपऱ्या-कोपऱ्यानं, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. १०० किमीवर आणि पुन्हा १,००० किमीवर पाना लावायचा. सैल यू बोल्टमध्ये सगळा झटका सेंटर बोल्टवर जातो, तो तुटतो आणि हौसिंग तिरकं सरकतं. मागून चालणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी दिसते.

घाटउतार

एक भर. मागच्या ब्रेकच्या पाइपवर चेसिस आणि हौसिंग यांच्यामध्ये एक छोटी स्प्रिंग नाहीतर दांडी जोडलेली असेल तर तो वजनाप्रमाणे ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह. गाडी बसली की त्याला वाटतं माल भरलाय आणि तो मागचे ब्रेक जास्त लावतो. आता उंची वाढणार, म्हणजे उलट होणार. मूळ उंचीवर आलात तर प्रश्न नाही. त्यापेक्षा वर गेलात तर दांडी मॅन्युअलप्रमाणे परत जुळवा, नाहीतर घाटात भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतील आणि पुढचे तापतील.

नाक खाली जाण्याबद्दल: थोडा वाटा मागच्या मेलेल्या शॉकअपचा आहे. ब्रेक दाबला की मागचा भाग वर उठतो, त्याला धरायला कुणी नाही. पण पुढचेही तेवढेच जुने. पुढची कॉइल ठीक उंचीवर असेल तर ती ठेवा, शॉकअप, वरचं माउंट रबर, आतला बंप स्टॉप आणि धूळटोपी एकदमच बदला. कॉइल सोडवायला दोन पंजांचा कंप्रेसर समोरासमोर लावून आळीपाळीनं आवळायचा, हातानं. इम्पॅक्ट गन लावून आटे खाल्ले की स्प्रिंग तोफगोळ्यासारखी सुटते. साधन नसेल तर हे काम गॅरेजवर द्या, वाचवण्यासारखी मजुरी नाही ही. खोलण्याआधी वरच्या स्टडचा आणि खालच्या डोळ्याचा कोन रंगानं खुणावून ठेवा, कॉइलचं टोक तिच्या बैठकीच्या खाचेत बसवा, आणि लोअर आर्मचे बोल्ट लेथवाल्यांनी सांगितलं तसेच, चाकांवर उतरवून. मग व्हील अलाइनमेंट. मागची उंची वाढली की पुढचा कॅस्टरही (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे-पुढे कल) थोडा हलतो, म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, दोनदा पैसे घालू नका.

नवे ट्विनट्यूब बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-सोडा, आडवं पडून आत आलेली हवा वर जाते. ते न करता बसवले की पहिले दोन दिवस टकटक येते आणि लोक दुकानदाराशी भांडतात. शॉकअपच्या दांडीच्या टोकाला रबर बुश असेल तर वॉशरच्या व्यासाइतका फुगेपर्यंतच आवळा.

पाणंदवाला

मागच्या बाजूला हवेचे फुगे बसवायचा विचार होता, माल असेल तेव्हा भरायचे, नसेल तेव्हा सोडायचे. मग पाटे बदलायची गरज नाही ना? आणि हे सगळं आरटीओच्या कचाट्यात येतं का?

कमानपाटा

फुगा बसलेल्या पाट्याला उचलतो, त्यामुळे हेल्पर सुटेल, हे खरं. पण पाटा आपलं वजन चेसिसला दोन टोकांना देतो, पुढच्या हँगरला आणि शॅकलला. फुगा मधोमध एकाच जागी रेटतो. डबल कॅबमध्ये हौदा मागे सरकलेला असतो, रव्यांचा बराच भार एक्सलच्या मागे पडतो. फुगा टणक भरून कच्च्या रस्त्यावर अशी गाडी नेली तर चेसिस केबिनच्या मागे वाकते. ऑस्ट्रेलियातल्या डबल कॅबवाल्यांनी याचे धडे घेतलेत. निरोगी पाट्यांवर थोडी मदत म्हणून फुगा चालतो, बसलेल्या पाट्यांची कुबडी म्हणून नाही. बसवलात तर मोकळ्या गाडीतही पाच पीएसआय ठेवा, पूर्ण रिकामा फुगा घडी पडून चिमटतो. आणि रवे केबिनच्या भिंतीला लावून भरा, दोन थर पुढे, एक मागे. आजपासूनच करता येईल.

आरटीओ: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकानं दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच मापाचे पाटे, शॉकअप, बुश ही दुरुस्ती झाली. उंच गाडी, मोठे टायर ही वेगळी गोष्ट. आणि पाटा वाढवून गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. बेअरिंग, ब्रेक, टायर तेच असतात. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, तेव्हा काट्याची पावती आरसीशी जुळवून बघा.

रंकाळा_टर्बो

बरं बाबा, पाटा राहू दे. पण शॅकल लांब केली की गाडी दिसते झक्कास, एवढं तरी मान्य करा.

लेथवाला

दिसते. हेडलाइटचा झोत मात्र जवळच रस्त्यावर पडतो, आणि लांब शॅकल वळणात बाजूला लवचते. पाणंदवाल्यांची शेपूट सरकायची तक्रार आणखी वाढेल. आत्ता ती डाव्या बुशचे पाच मिमी आणि मेलेला शॉकअप यांनी होतेय. एका चाकाला खड्डा लागला की ती बाजू पुढे-मागे सरकते आणि मागचा एक्सल स्वतःच थोडा वळतो.

पाणंदवाला

ठरलं. पाटे दोन्ही बाजूंचे नवे, हेल्पर तपासून जुनाच, बुश आणि पिना आठही जागी रबराच्या, मागचे गॅस ट्विनट्यूब मध्यम जुळणीचे. पुढचं काम महिनाभरानं, अलाइनमेंट तेव्हाच. यू बोल्ट कोणत्या मापाचे मागू?

कमानपाटा

महिनाभर थांबणार असलात तरी मागचं काम झाल्यावर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) तेवढा तपासून घ्या, टायर खाऊ नयेत. पिना मोजून घ्या, एका बाजूला तीनच असतात: पुढचा डोळा, मागचा डोळा, शॅकलचा वरचा. दोन्ही मिळून सहा, आठ नाही. बुश मात्र काही गाड्यांत एका पिनेवर दोन अर्धे येतात, म्हणून जुना काढूनच संख्या ठरवा.

यू बोल्टचं माप तोंडी सांगून आणू नका. दांडीचा व्यास, दोन पायांतलं आतलं अंतर, पायाची लांबी आणि वरचा भाग गोल की चौकोनी, चारही गोष्टी जुळायला लागतात. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी गठ्ठा थोडा जाड होतो, तेव्हा नटाबाहेर तीन-चार आटे उरतील एवढी लांबी घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे एक जुना यू बोल्ट काढा, घासून स्वच्छ करा आणि दुकानात सोबतच घेऊन जा.